बदली येईपर्यंत

४ मार्च
त्या सकाळीही मी अंगण झाडलं, पाणी भरलं आणि ह्यांच्या खाकी शर्टाचं तुटलेलं बटण काळ्या दोऱ्यानं लावलं. खाकी दोरा संपला होता. माझ्या पोटाकडे कोण बघतंय, म्हणत हे हसत बाहेर पडले. गेले ते गेलेच. दोन वर्षं झाली. आज स्वतःच्या वर्दीला बटण लावताना ते आठवलं.

ह्यांच्याच जागी, ह्यांच्याच चौकीत मी आज शिपाई म्हणून रुजू झाले. दोन खोल्या, वर पत्रा, टेबलाचा एक पाय विटेवर. जमादार ह्यांचे जिवाभावाचे मित्र. मी त्यांना भाऊजी म्हणते. माझ्या नोकरीसाठी कागद घेऊन तेच दारोदार फिरले. पाठचा भाऊही एवढं करत नाही. समोरची चहावाली मावशी म्हणाली, जरा खात जा बाई, वारा सुटला तर वर्दीसकट उडून जाशील. फार दिवसांनी हसू आलं.

५ मार्च
भाऊजींनी काम समजावलं. मैलभरावर बंद पडलेली दगडखाण आहे. कडा ढासळतो, म्हणून माणसं आणि गुरं अडवायला तिथे दिवसाचा पहारा. एक लोखंडी खांब, खांबाला पत्र्याची पेटी, पेटीत वही. आल्यावर ‘ताबा घेतला’ लिहायचं, दुपारी एकला बदलीचा माणूस आला की ‘ताबा दिला’ लिहून निघायचं. बदली येईपर्यंत जागा सोडायची नाही.

हाच नियम ह्यांनी मोडला, असं म्हणतात. बदलीची वाट न बघता खांब सोडला आणि कड्यावरून गेले, असा भाऊजींचा जबाब आहे. देह मिळाला नाही. दोन वर्षं मी कामचुकाराची बायको म्हणून ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मनातून मीही ह्यांच्यावर रागावले होते.

तेव्हापासून पहारा बंदच होता, उद्या माझ्यापासून पुन्हा सुरू. भाऊजी म्हणाले, पान दुमडून ठेवलंय, तिथेच सही करा, मागचं चाळत बसू नका.

६ मार्च
अंगठा सोडून सही करायला शिकले तेव्हाच ठरवलं होतं, वाचल्याशिवाय सही करायची नाही. पुडीचा कागदसुद्धा मी वाचते. म्हणून खाणीवर पेटीतली वही काढून खांबापाशी खाली बसले.

बारा वाजले होते. माझी सावली पायाखाली गोळा झालेली. खांबापाशी मात्र दुसरी सावली होती. लांब, टोपी घातलेली. माणूस नव्हता.

वही पेटीत टाकून पळत आले. भाऊजींनी तीनदा विचारलं, सही केलीत ना? तोंड का उतरलंय, हे एकदाही नाही.

७ मार्च
पुन्हा गेले. मागची पानं वाचली.

ह्यांचं ‘ताबा घेतला’ आहे. ‘ताबा दिला’ नाही. त्याखाली रोज एक शब्द, ह्यांच्याच वळणाचा: ‘हजर’. दोन वर्षं, एकही दिवस चुकलेला नाही. आजच्या ‘हजर’ला बोट लावलं. शाई बोटाला लागली.

ह्यांनी जागा सोडलीच नव्हती.

बदलीच्या रकान्यात भाऊजींचं नाव होतं, खोडलेलं. शेजारी त्यांच्याच अक्षरात माझं. तारीख माझा नोकरीचा अर्ज जाण्याच्या आदल्या दिवसाची.

पेटीच्या तळाशी एक बटण. त्यात काळा दोरा—

८ मार्च
वही टेबलावर ठेवली. भाऊजी वहीकडे बघेनात. त्या दिवशी ऊन होतं, कंटाळा केला, गेलो नाही, तो वाट बघत थांबला आणि त्याच्या पायाखालचा कडा ढासळला, म्हणाले. मग खोटा जबाब दिला. मग म्हणाले,

“वहिनी, रोज एक वाजता बदलीसाठी त्याची हाक या दारापर्यंत येते. माझी पोरं लहान आहेत. तुम्हाला काय, मागे-पुढे कोणी नाही.”

ह्याच माणसाला मी दोन वर्षं राखी—नाही, ते नको.

रात्रभर बटण मुठीत—

९ मार्च
सकाळी अंगण झाडलं. पाणी भरलं. वही परत नेली, ही रोजनिशीही घेतली. खांबावर आले.

आजच्या ‘हजर’खाली लिहिलं: ‘ताबा घेतला.’ शेजारी शाई आपोआप उमटली: ‘ताबा दिला.’ सावली हलली. क्षणभर माझ्या पायाशी थांबली, मग चौकीच्या वाटेला लागली.

खाली पाहिलं. माझी सावली खांबाला चिकटलेली. मी सरकले, ती नाही.

बदलीच्या रकान्यातलं माझं नाव खोडलं. भाऊजींचं लिहिलं.

एक वाजतोय. वाटेवर भाऊजी. मान मागे वळलेली, पाय मात्र इकडेच येताहेत. पायाशी सावल्या दोन—

जवळ आले. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि हेच पेन त्यांच्या हाता—