डावीकडून येणारा वारा

सोमवार, ७ ऑक्टोबर. रात्री सव्वाआठ.

दुरुस्ती. शनिवारी मी लिहिलं होतं की घर ते कवळ्यांची लॅब हे अंतर वादळात सायकलने बावीस मिनिटांत कापलं. ते चूक आहे. एकतीस मिनिटं लागली. त्यातली एकोणीस मिनिटं मी सायकल हातात धरून चालत होते.

आत्याची शिकवण अशी: वहीत खाडाखोड करायची नाही, चुकलं तर खाली दुरुस्ती लिहायची. अकराव्या वर्षापर्यंत मला आत्यानेच घरी शिकवलं. भूमिती, व्याकरण, सायकल.

चालण्याचं कारण वारा. तो डावीकडून येतो. बेकरीच्या कोपऱ्यावर, शाळेच्या कोपऱ्यावर आणि पेट्रोल पंपापाशी. तिन्ही डावी वळणं आहेत. तिथे सुरक्षेसाठी उतरावं लागतं, आणि एकदा उतरलं की पुन्हा चढायला मोकळा रस्ता लागतो.

परतीच्या वाटेवर तीच वळणं उजवी होतात. तेव्हा चौदा मिनिटं लागतात, उतरावं लागत नाही. संध्याकाळी वारा पडत असावा.

रेडिओवर सांगितलं, आठवडाभर वादळ. नेमका हाच आठवडा. येत्या शनिवारी माझे नोकरीचे तीन महिने पुरे होतात आणि कायम करायचं की नाही ते लॅबच्या मॅडम ठरवणार. हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे उशिराच्या दोन लाल खुणा आहेत. तिसरी झाली की संपलं.

संकल्प: सर्व वाहनांची निःपक्षपाती तुलना करायची. मगच सायकल निवडायची.

मंगळवार, ८ ऑक्टोबर.

बस. बारा मिनिटं. कोरडी पोचले, सात एकतीसला.

दोष: १) व्यायाम होत नाही. २) खिडकी गळते. माझी नाही, पुढची, पण गळते. ३) कंडक्टर म्हणाला, ताई, रोज सायकल ढकलत जाता त्या तुम्हीच ना? अख्खी बस वळून बघायला लागली. मी म्हटलं, ती दुसरी कोणी असेल.

दुरुस्ती: ती मीच.

बस बाद.

बुधवार, ९ ऑक्टोबर.

बाबांची स्कूटर. सात दहाला बाबा म्हणाले, चल, सोडतो. अकरा किका मारल्या. बाराव्या किकेला चप्पल उडून शेजारच्यांच्या गच्चीवर गेली. मी हळूच म्हटलं, बघा, सायकलला किक लागत नाही. बाबा म्हणाले, खरंय बाई, ढकलायला किक कशाला लागते.

ते घामाघूम झाले होते, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

शेवटी सायकल घेऊन निघाले. ढकलत जवळजवळ धावले. सात अठ्ठावन्न. मॅडम लाल पेन हातात घेऊनच बसल्या होत्या. म्हणाल्या, आठला साच्यांचं प्लास्टर कालवायचं असतं, ते दहा मिनिटांत घट्ट होतं, तुझ्यासाठी थांबत नाही. मी म्हटलं, हो मॅडम. घाईघाईत प्लास्टर इतकं घुसळलं की पहिल्याच साच्यात बुडबुडे आले. कोणाच्या तरी खालच्या दाढा वाया गेल्या. त्या माणसाला पुन्हा माप द्यावं लागणार. अजून मनातून जात नाही.

शेजारच्या टेबलावर मेणवाले काका कवळ्यांवर मेण चढवतात. म्हणाले, पोरी, तू सायकल आणतेस की सायकल तुला आणते?

उत्तर सुचलं, पण दुपारी.

गुरुवार, १० ऑक्टोबर.

रिक्षा. नुसती चौकशी केली. रिक्षावाला म्हणाला, या वाऱ्यात रिक्षा उलटते. मी सुटकेचा श्वास सोडला. हे निःपक्षपातीपणाला धरून नाही, म्हणून नोंद करते.

सायकल. तेहतीस मिनिटं. सात त्रेपन्न.

घरी आले तर आत्या फोनवर कोणाला तरी सांगत होती, आमची भाची एवढ्या वादळातसुद्धा सायकलने जाते हो, माझ्या हाताखाली शिकलेली आहे. मला बघून हात उंचावला. मीही उंचावला. मग उभ्याउभ्याच चार पोळ्या खाल्ल्या. भूक लागली असेल.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर.

उद्या सर्वांत मोठं वादळ. उद्याच शेवटचा दिवस.

खबरदारी म्हणून संध्याकाळी परसात सराव केला. लहानपणी आत्याने सायकल शिकवली ती इथेच, पाण्याच्या टाकीभोवती. आजही पंचवीस फेऱ्या एकदाही पाय न टेकता. मग शास्त्रीय कुतूहल म्हणून उलट दिशेने फिरून पाहिलं, म्हणजे टाकी डावीकडे ठेवून.

कपड्यांच्या दोरीत गेले. आईच्या दोन साड्या आणि बाबांचा लेंगा यांच्यासकट.

परसात वारा नव्हता. पण दोरी चुकीच्या जागी बांधलेली आहे.

आई म्हणाली, अगं, डावीकडे वळताना तू डोळे का मिटतेस? मी म्हटलं, धूळ. आई म्हणाली, फरशीवर?

शनिवार, १२ ऑक्टोबर.

सकाळी सव्वासातला निघाले. बस बंद. झाडाच्या फांद्या रस्त्यावर. बेकरीच्या कोपऱ्यावर वाऱ्याने सायकल माझ्या हातातून ओढून घेतली आणि शटरवर आपटली. साखळी निघाली, हँडल वाकडं झालं. बेकरीवाल्या मावशी ओरडल्या, ठेव ती इथेच आणि पळ! घड्याळात सात तेवीस.

मी चालत गेले. पळाले नाही, फांद्या होत्या. पोचले तेव्हा सात सदतीस.

म्हणजे घरापासून बावीस मिनिटं.

हा आकडा मी तीन वेळा तपासला. सायकल वाटेत टाकून बावीस. सायकलसह एकतीस ते तेहतीस. सायकल मला रोज नऊ ते अकरा मिनिटांनी मागे ओढत होती. आज वारा सगळ्यांत जास्त होता.

लॅबमध्ये मॅडम एकट्याच. बाकी कोणी पोचलं नव्हतं. मेणवाले काकाही नाहीत. मी ओलीचिंब. मॅडमनी लाल पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, कशाने आलीस गं एवढ्या वादळात?

मी म्हटलं, सायकलने.

का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. दुरुस्ती करायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, शाब्बास, कायम झालीस असं समज. आणि सोमवारपासून साडेदहाला तयार कवळ्या दातांच्या दवाखान्यात पोचवायचं काम तुझ्याकडे. सायकलवाली माणसं भरवशाची असतात.

दवाखाना लॅबपासून दोन वळणांवर. दोन्ही डावी.

रविवार, १३ ऑक्टोबर. सकाळ.

वारा साफ पडला आहे. पान हलत नाही. सायकल दुरुस्त करून आणली. बेकरीच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायला गेले.

उतरले.

आता वाऱ्याचं नाव घेता येत नाही.

दुपार.

आत्याला सगळं सांगितलं. डावीकडे वळायला शिकव म्हटलं. तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, अगं, मला कुठे येते सायकल? तुझी सीट धरून धावायचे मी. माझा उजवा खांदा दुखायचा ना, म्हणून डाव्या हाताने धरायचे. आणि टाकीच्या बाजूने धावलं की कमी धावावं लागतं. म्हणून सगळ्या फेऱ्या उजव्याच झाल्या. तुझ्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, आलंच नाही, पंधरा वर्षं.

दोघी हसलो. मग ती एकदम भूमितीच्या आवाजात म्हणाली, तीन उजवी वळणं म्हणजे एक डावं. आम्ही कागदावर नकाशा काढला. दवाखान्याला सहा उजवी. एक वळण नदीच्या पलीकडून. दवाखाना दोन वळणांवर, आणि रस्ता सात किलोमीटरचा. तरी पाच मिनिटं मला तो चांगला बेत वाटत होता.

आत्याने कागदाची घडी करून माझ्या वहीत ठेवला. म्हणाली, चुकलं तर काय करायचं शिकवलंय मी?

रात्री आठ.

दुरुस्ती. शनिवारी मी मॅडमना सांगितलं की सायकलने आले. ते चूक आहे. चालत आले.

हे वहीत लिहून भागणार नाही. त्यांनी कायम केलेलं मागे घेतलं तरी चालेल. दुरुस्ती: चालणार नाही, पण सांगणार.

कधी: सोमवार, १४ ऑक्टोबर, सकाळी सात पन्नास, हजेरीपुस्तकात सही करायच्या आधी. सायकल घरी ठेवून.