डाव्या हाताची गिटार

दादा,

तू गाढ झोपलास म्हणून उठवलं नाही. चहा थर्मासमध्ये आहे. मी वर्कशॉपवर पळतेय, तूही ये!

बाबांनी माळ्यावर जपलेल्या शिसवी फळीची मी तुझ्यासाठी गिटार केलीय, आईला विचारूनच. काल तारा चढवून छेडल्या, तर शेजारचे सुतारकाका हातात रंधा घेऊनच धावत आले. म्हणाले, "अगं पोरी, हे लाकूड इतकी वर्षं गप्प कसं बसलं?"

अपघातात डावा हात दुखावल्यापासून तू गिटारचं नाव काढलं नाहीस, म्हणून मीही काढलं नाही. पण ऐक, तारा उलट्या क्रमाने लावल्यात. आता उजव्या बोटांनी दाबायचं, डाव्याने नुसतं छेडायचं. डाव्या हातात तू चमचा धरायला लागलास, मी पाहिलंय. मग तारा छेडायची नखीही धरशील.

आतल्या आधाराच्या पट्ट्याही उलट्याच चिकटवल्यात, त्यामुळे ती दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही. गिटारची मान तुझी पकड बघून घासायचीय, म्हणून तूच हवास.

सुरुवातीला बेसूर वाजेल. वाजू दे. सुतारकाकांना बाहेर पिटाळते आणि दार आतून लावून घेते.

आंघोळ राहू दे, आधी ये.

छोटी