‘दे’ कोण म्हणालं

चाचा,

फोनवर मी ‘दे’ म्हणालो आणि त्या एका क्षणात सगळं बदललं. तुम्ही मशीनच्या मागे उकिडवे बसला होतात, आपले वायरमन मामा मेन स्विचजवळ उभे होते आणि मी तुमच्या दोघांच्या मधे, हातात हवेचा पाइप धरून. आज आठ वर्षांनी हे कागदावर लिहितोय, कारण तेच मामा आत्ता या केबिनच्या बाहेर, माझ्या शेडमधल्या बाकावर बसलेत. ते येतंच पुढे. आधी पहिल्यापासून सांगतो, तुम्हाला माहीत असलं तरी.

तुमच्याकडे कामाला आलो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेलं. माझं जिच्यावर प्रेम होतं तिच्याबद्दल वर्गातला एक पोरगा घाणेरडं बोलला, मी त्याच्या कानाखाली वाजवली. प्रिन्सिपॉल म्हणाले माफीपत्र लिहून दे, मी म्हणालो नाही लिहीत, आणि बॅग उचलून निघालो ते परत गेलोच नाही. हे मी तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. तुम्ही हातातलं काम न थांबवता विचारलंत, “कितनी लाइन लिहायची होती?” मी म्हणालो, चार. “चार ओळींसाठी अख्खं कॉलेज सोडलंस? बहोत महंगा पडा बेटा. चल हिरो, टाकीतलं पाणी काढ.”

टाकी म्हणजे कॉम्प्रेसरची. रोज सकाळी तिच्या बुडाचा नळ उघडून रात्रभर साठलेलं पाणी सोडायचं, हे माझं पहिलं काम. पत्रा कापायच्या प्लाझ्मा मशीनला वीज लागते तशी हवा लागते आणि हवा कोरडी लागते, हे तुम्ही मला पुस्तकातून नाही, कागदावर शिकवलंत. पाइप मशीनला जोडण्याआधी त्यातून जोरात हवा सोडायची आणि समोर कोरा कागद धरायचा. कागदावर एक जरी थेंब उमटला तरी पुन्हा टाकी, पुन्हा फिल्टर. एकदा कागद सापडेना, तेव्हा तुम्ही सरळ माझ्या खिशातून तिला लिहिलेली चिठ्ठी काढून हवेपुढे धरलीत. मी ओरडलो, “चाचा, ती पर्सनल आहे!” तुम्ही म्हणालात, “मला वाचायची नाही. ओली होते का ते बघायचंय.” मामा पोट धरून हसत होते. “रडून लिवलेली असंल तर आधीपासूनच ओली असंल, चाचा.”

विजेच्या बाबतीत मात्र तुम्ही हसत नव्हता. हिरवी अर्थिंगची वायर लावताना पहिली, काढताना शेवटची. टेस्टर आधी जिथे लाइट आहे तिथे लावून बघायचा, मग आपल्या वायरला, मग परत तिथेच, कारण तुमच्या म्हणण्याप्रमाणे टेस्टरही माणसासारखा कधीकधी आंधळा होतो. मशीन बंद केलं तरी लगेच झाकण उघडायचं नाही, आत जीव शिल्लक असतो, एक चहा पिऊन यायचं. आणि सगळ्यात मोठा नियम ‘देऊ’चा. आपल्या त्या शेडमध्ये मेन स्विच पत्र्यांच्या थप्पीमागे होता, मशीनपासून दिसायचा नाही. म्हणून स्विचपाशी उभ्या माणसाने ओरडून विचारायचं, “देऊ?” आणि ज्याचा हात वायरीत आहे त्याने, फक्त त्यानेच, हात बाहेर काढून म्हणायचं, “दे.” बाकी कोणी त्या वेळी तोंड उघडायचं नाही. फोन पत्र्याच्या डब्यात. मामा एकदा म्हणाले होते, “चाचा, घरी पण असंच विचारते का हो चाची? देऊ का म्हणून?” तुम्ही म्हणालात, “विचारत नाही. डायरेक्ट देते.”

त्या दिवशी मशीन शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवलं होतं आणि नव्या केबलने जोडायचं होतं. मी माझा फोन डब्यात टाकला नव्हता. ती पुण्याला शिकायला चालली होती, आणि सकाळपासून तिचा फोन येईल म्हणून मी वेडा झालो होतो. तुम्ही तिसऱ्या फेजची वायर आवळत होता. मी पाइपमधून हवा सोडली होती, तिचा नुसता सूं सूं आवाज. फोन थरथरला आणि मी उचलला. ती म्हणत होती, “आधी कॉलेजात जाऊन माफी माग, मग पुढचं बोलू.” माझं डोकं सटकलं. हवेच्या आवाजावर आवाज चढवून मी ओरडलो, “ते सोड! हो की नाही? मला उत्तर दे!”

पत्र्यांमागून मामांनी ‘देऊ?’ कधी विचारलं मला ऐकूच आलं नव्हतं. आणि त्यांना माझ्या वाक्यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला.

तुमचा आवाज माणसाचा नव्हता, चाचा. तुम्ही मागे फेकले गेलात. मामांनी त्याच सेकंदाला स्विच खाली ओढला, म्हणून तुम्ही वाचलात. माझ्या हातून पाइप सुटला आणि सापासारखा फरशीवर आपटत सुटला, माझी मांडी सडकून निघाली, तरी मी नुसता बघत उभा. तुम्ही पडल्या पडल्या, उजवा हात छातीशी धरून, जे पहिलं बोललात ते “हवा बंद कर” हे होतं. मी व्हॉल्व्ह बंद केला. आणि मग फोन खिशात टाकला. या क्रमाने. तो क्रम मी विसरलेलो नाही.

शेठने विचारलं, ‘दे’ कोण म्हणालं? तुम्ही दवाखान्यातून निरोप पाठवलात, “मीच म्हणालो, चूक माझी.” पण मामा सरळ माणूस. “नाय शेठ, चाचांचा आवाज नव्हता तो. कोणीच नसंल म्हणलं. माझ्याच कानाला भास झाला.” मी तिथेच होतो. दोन हातांवर. शेठ त्यांना वाट्टेल ते बोलला, कान फुटलेत का म्हणाला, आणि त्यांना विजेच्या कामावरून काढून माल उतरवायला लावलं. मी जमिनीकडे बघत राहिलो. तीन महिन्यांत ते सिन्नरला गावी निघून गेले.

तुम्हाला भेटायला आलो तेव्हा तुमच्या दोन बोटांना पट्टी होती. चाची चहा आणायला आत गेल्या आणि तुम्ही एकदम विचारलंत, “फिर? दिलं का तिने उत्तर?”

मला वाटलं जमीन फाटावी. तुम्ही माझं अख्खं वाक्य ऐकलं होतं. मी मान हलवली, नाही. तुम्ही रागावला असतात, थोबाडीत मारली असतीत तर बरं झालं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, “शेठला सांगू नको हवं तर. लेकिन मामाला सांग. तो स्वतःच्या कानावर शक घेऊन बसलाय. मी सांगितलं तर ती चुगली. तुझ्या तोंडून पाहिजे.” मी म्हणालो, सांगतो. पुढच्या आठवड्यात म्हणालो, सांगतो. तुमची ती दोन बोटं पुन्हा नीट वळली नाहीत, तुम्ही डाव्या हाताने पाना धरायला शिकलात, आणि मला परत कधी विचारलं नाहीत. सात महिन्यांनी तुमचं हृदय बंद पडलं. नांदगावला तुम्हाला माती देताना मी रडलो, लोकांना वाटलं पोराचा किती जीव होता. जीव होताच. पण आता हे माहीत असलेला मी एकटाच उरलो, हाही विचार तिथेच, त्याच वेळी आला होता.

तिचं लग्न झालं, सटाण्याकडे दिलीय. त्याचं आता काही नाही. होतं, बरीच वर्षं होतं. मी स्वतःची शेड टाकली, इथेच सिन्नरच्या एमआयडीसीत. माझ्याकडे ‘देऊ’ नाही. मेन स्विचला कुलूप आहे आणि ज्याचा हात वायरीत, किल्ली त्याच्या खिशात. पोरं नवीन असली की विचारतात, एवढं कशाला? मी चिडतो, ओरडतो. कारण सांगत नाही.

आज सकाळी मामा आले. केस पांढरे झालेत, बाकी तसेच. “शेठ झाला म्हणं तू! वळख हाय का?” मी पाया पडलो. त्यांना काम हवंय. मी म्हणालो, मामा, तुमच्याएवढं वायरिंग कोणाला येतं, उद्यापासून या. ते हसले, पण हात जोडले. “काय पण दे बाबा, झाडू मारीन. लाइटीचं नको. माझे कान खोटे हायेत. चाचांना त्यांनीच खाल्लं.”

मी म्हणालो, बसा, एक फोन करून येतो. आणि आत येऊन हे लिहायला बसलो.

तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, चाचा. तुम्हाला आधीच सगळं माहीत होतं, शिवाय तुम्ही उलटून काही बोलणार नाही. कबूल करतो, कोणाला फोन करायचा नव्हता. हा कागद पाठवायचाही नव्हता, कुठे पाठवणार? पाऊण तास मी तुम्हाला लिहीत नव्हतो, मामांपासून लपून बसलो होतो. बाहेर ते दोनदा खोकले. कदाचित खरं ऐकून उठून जातील, पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत. त्यांची मर्जी.

फोन इथेच टेबलावर ठेवतोय. बाहेर जातो आणि दार मागे लावून घेतो.