एका कवितेच्या पानाची परवानगी

सोम., ३ नोव्हें.
जुन्या पाठ्यपुस्तकांतल्या कवितांची साइट पुन्हा उघडली. फिकट, मुंगीएवढी अक्षरं. मोतीबिंदूचं ऑपरेशन अंबाजोगाईला, पण रक्तातली साखर उतरल्याशिवाय नाही, डॉक्टर म्हणतात. त्यात चौथीतल्या कवितेच्या ऐन दुसऱ्या कडव्यावर ठिबकच्या नळ्यांची जाहिरात येऊन बसली. बायको, कमल, वाचून दाखवते, पण रेशनची यादी वाचावी तशी. म्हटलं, अगं, चाल लाव.
"आवो, मी काय तुमच्या वर्गात होते व्हय?"

बुध., ५ नोव्हें.
सुनंदाचा पुण्याहून फोन. शिरूर कासारच्या शाळेतली माझी विद्यार्थिनी, आता कॉम्प्युटरच्या कंपनीत. माझ्यासाठी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरला द्यायच्या चार सूचना, लिहिलीय पोरीनं : अक्षरं मोठी, काळी, जाहिराती गायब. बदल फक्त माझ्या पडद्यावर, साइटवाल्याला पत्ताही नाही. पण ती चालवायला ब्राउझरात एक मॅनेजर बसवावा लागतो. दोन सुचवले. एक लई लोक वापरतात, पण त्याचा कोड झाकलेला, आत काय लिहिलंय कुणाला दिसत नाही. दुसरा कमी वापरातला, कोड उघडा, कुणीही वाचावा. वहीत खूण : झा. आणि उ.

गुरु., ६ नोव्हें.
बसवताना झा. काय, उ. काय, परवानगीचं मागणं एकच : सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे. सर्व! याच ब्राउझरात पेन्शनचं खातं, लेकीची पत्रं... बसवायचं थांबवलं. सुनंदाला विचारलं, उ.चा कोड तू वाचलास?
"थोडा वाचला, गुरुजी."
"म्हणजे सगळा नाही."
"सगळा कोण वाचतंय? आमचे आई-बाप ऊसतोडीला निघताना घराची किल्ली तुमच्यापाशी ठेवायचे. तुमची झडती घेतलती का कुणी?"
फोन ठेवला.
फळ्याशेजारच्या खिळ्याला किल्ल्यांचा घोस असायचा. हिवाळ्यात वर्गात पोरं थोडी, किल्ल्या जास्त. उरलेल्या पोरांचा कवितेचा सूर त्या पत्र्याखाली कसा घुमायचा...
एक तिला सांगितलेलं नाही. एकदा अवकाळीत तिचं घर गळतंय का बघायला कुलूप काढलं. कोनाड्यात तिची वही. तिनं स्वतः केलेल्या कविता. उभ्यानंच वाचली. सगळी. पुन्हा होती तशी ठेवली.

शनि., ८ नोव्हें.
शेवटी उ. का? झाकलेल्याचा भरवसा मला कसा वाटावा, मीच एक झाकून बसलोय.
बसवला, तर काही घडेना. सुनंदा म्हणाली, आणखी एक बटण असतं, यूजर स्क्रिप्ट चालू द्यायचं. ते दाबलं. परवानगीतलं 'सर्व साइट' काढून ती कवितांची एकच नेमून दिली. आणि पान उघडलं! अक्षरं टपोरी, काळीभोर. तिन्ही कडवी चालीत म्हटली. कमल स्वयंपाकघरातून : "आता काहून रडता?"

रवि., ९ नोव्हें.
सकाळी सुनंदाचा मेसेज. "गुरुजी, मीबी कविता करते. लहानपणापासून. आता त्यांची साइट सुरू केलीय, अजून कुणाला सांगितलं न्हाई. मॅनेजरमधी तिचंबी नाव टाका, म्हंजे मोठ्या अक्षरात वाचता येतील. पहिले वाचक तुमीच."
पहिला वाचक.
दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा पुसलं. आधी त्या वहीचं सांगायचं, की आधी वाचायचं? सांगितल्यावर ती वाचू देईल का?
तिच्या साइटचं नाव यादीत घातलंय. परवानगी अजून दिलेली नाही.