जहाज चुकलेल्यांचा कॅम्प

प्रिय साधना,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हा कागद. फाडायचा तर फाड, पण वाचून. ‘फौजीशी लग्न नाही करणार, बाबांच्या बदल्यांपायी आईनं जन्मभर खोकीच बांधली’ असं तू देवळालीच्या स्टॅन्डवर म्हणालीस. मी फक्त विचारलं होतं, फौजी झालो तर? त्यावरून आपलं असं पेटलं की तू थेट पुण्याच्या हॉस्टेलवर निघून गेलीस.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा, हा देवळाली कॅम्प आहे तरी काय? कॉलेज सोडल्यापासून मी शेखरमामाच्या दुकानात वर्द्या शिवतोय, गिऱ्हाईक सगळं फौजी. एका रिटायर्ड सुभेदारांना छेडलं. म्हणाले, इंग्रजांच्या काळात मुदत संपलेले गोरे शिपाई इथं आणून ठेवायचे. मुंबईहून त्यांची जहाजं थंडीतच सुटायची. शेवटचं चुकलं की अख्खा उन्हाळा इथंच. ना लढाई, ना काम, ना घर. काहींची डोकी फिरायची म्हणे. मामा लगेच म्हणाला, “समाधान, डोकं फिरायला तुला तर जहाज चुकायचीपण गरज लागली नाही!”

मग तोफखान्याची शाळा आली. आता देशभरातले तोफची इथं शिकून जातात. आमच्या लहवित गावाजवळ तोफांचं फायरिंग असलं की आई अजून फळीवरची पितळी भांडी खाली उतरवते, खिडक्या सताड उघडते. बंद ठेवल्या तर काचा तडकतात. लहानपणी वाटायचं, सगळ्याच गावांत असं करत असतील. पण डोंगरापलीकडचं, डोळ्यांना न दिसणारं लक्ष्य ही माणसं टिपतात कशी, हे कधी विचारलंच नव्हतं. आता येईल त्याला विचारतो. मामा वैतागतो, “तू आधी काज नीट कर!”

साधना, मी अग्निवीरची भरती दिली. निवड झाली, तीही तोफखान्यात. सोमवारी हजर व्हायचंय. पळताना दम कसा राखायचा, हे मला जबलपूरहून फोनवर तुझ्याच बाबांनी शिकवलं. काल त्यांनी विचारलं, “पोरीला सांगितलंस ना?” माझ्या तोंडून निघून गेलं, “हो काका, खूश आहे ती.” रविवारी ते तुला भेटायला येतायत. त्यांच्याकडून तुला हे पहिल्यांदा कळू नये, म्हणून लिहिलं. नाही म्हणायचं असेल तर मला म्हण, त्यांच्यावर चिडू नकोस. शनिवारी सकाळपासून तुझ्या हॉस्टेलच्या फाटकावर उभा असेन.

तू काहीही ठरवलंस तरी तुझाच,
समाधान