हिरवी खूण

३ मार्च
गाव सोडून बारान्किया शहरात नात नेरेइदाकडे राहायला आले. पोरीने खोबऱ्याचा भात केला होता, तळाला लागलेला. तरी दोनदा घेतला. ती सिनेमा बनवतेय. हाताशी माणसं नाहीत, पण कंप्युटरात एक गुरुजी आहे: आधी गोष्ट, मग शूटिंग, मग जोडकाम, शेवटी प्रदर्शन. पायरी झाली की हिरवी खूण. म्हटलं, असा सांगणारा नवरा मिळता तर माझाही संसार धड झाला असता. हसून लोळली.

७ मार्च
सिनेमात मयताचा प्रसंग आहे. गावात मयताघरी प्रार्थना म्हणणारी मीच, म्हणून मलाच उभं केलं. नटी आली नाही, तर शवपेटीत नेरेइदाच झोपली. सगळं म्हटलं, शेवटचा निरोप तेवढा गाळला. जा बाई, हे घर आता तुझं नाही, असं जित्या माणसाचं नाव घेऊन म्हणत नाहीत. त्यावर सगळ्यांनी आमेन म्हटलं की माणूस गेलाच.

८ मार्च
गुरुजीने लाल खूण दिली. प्रसंग अपुरा म्हणे. नेरेइदा रडकुंडीला आली. म्हणाली, आजी, एवढ्यावर सिनेमा अडलाय गं. कॅमेरावाला विल्फ्रिदो म्हणाला, विसरल्या असतील, वय झालं. झोंबलं मला. तिचं नाव घेऊन निरोपही म्हटला. आमेन कुणी म्हटलं नाही, टाळ्या वाजवल्या. आणि मी मेली वाकून नमस्कार करत बसले! हिरवी खूण.

१० मार्च
पोर जेवत नाही. विल्फ्रिदो तिच्यासमोर बसून मला विचारतो, नेरेइदा कुठंय. थट्टा समजून फटकारलं. थट्टा नव्हती.

११ मार्च
शेजारीण कॉफी घेऊन सांत्वनाला आली, नात गेली म्हणून. दार नेरेइदानेच उघडलं — बाई तिच्याकडे न बघता आत. मी मान खाली घालून कॉफी प्याले. काय सांगू? टाळ्यांसाठी जित्या पोरीला —

१२ मार्च
प्रसंग पुसून टाक म्हटलं. तिच्या बोटाखाली कळ दबत नाही. मी दाबली तर गुरुजी ऐकत नाही. प्रदर्शनाची पायरी आपोआप सुरू. उद्या चौकात पडदा.

१३ मार्च
चौकात जाऊन ओरडले, आमेन म्हणू नका. लोक म्हणाले, बिचारी, नात गेल्यापासून —
घरी आले. तिला पोटाशी धरलंय. विचारतेय, आजी, प्रसंग चांगला झाला ना गं? हो म्हटलं.
बाहेर चौकातल्या पडद्यावरून माझाच आवाज. निरोपावर आलाय. वजन लागत नाही तिचं — आता सगळे मिळून आमे—