सोवळ्यातला फ्रिज

देवबाग,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय भक्ती,

तुला आणि सुशांत भावजींना वैनीचे आशीर्वाद. आम्ही सगळी बरी आहोत. जामसंड्यात तुम्हीही बरी असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवली नाहीस. फोन वाजून वाजून गप्प होतो. तेजस्वी म्हणाली, "आई, पत्र घाल. पत्र कट करता येत नाही." म्हणून बसले. लिहायची सवय गेलीय, अक्षर सांभाळून घे.

आधी मुद्दा. तेजस्वीचा साखरपुडा ठरला. मुलगा कुडाळचा, बँकेत आहे, हसतो बरा. तुळशीचं लग्न झालं की लगेच, चोवीस तारखेला, रविवारी, आपल्याच अंगणात. आणि बाईसाहेबांनी जाहीर केलंय की केक कापायचा तर काकीच्या हातचा, नाहीतर नकोच. तेव्हा तू यायला हवंस. एवढ्यासाठीच पत्र.

पण मी गप्प बसणारी आहे का? तीन वेळा केलं तुझं ते केकवरचं बटरक्रीम. पहिल्यांदा घरचं लोणी घेतलं, म्हटलं विकतचं कशाला! फेटता फेटता त्यातून पाणी सुटलं नि सगळं सरबरीत झालं. दुसऱ्यांदा बिनमिठाचं विकत आणलं, पण करायला घेतलं दुपारी. देवबागेत दुपारी लोणी काय टिकतंय! तेजस्वी भांड्यात डोकावून म्हणाली, "आई, ही पेज झाली गो. लोणचा वाढ." कार्टी मेली. तिसऱ्यांदा पहाटे उठले. परातीत बर्फाचं पाणी, त्यात भांडं, पिठीसाखर चाळून थोडी थोडी, सगळं तू करायचीस तसं. तरी फाटलं. टाकणारच होते, तेवढ्यात तुझं बोलणं आठवलं, "वैनी, टाकू नकात, फेटत ऱ्हवा." फेटत राहिले. दहा मिनिटांनी अहाहा! पांढरंशुभ्र. चमचा उचलला तर टोक उभं राहिलं. मी एकटीच हसले. मग रडू आलं.

केकच्या लोण्यासाठी घेतलेला छोटा फ्रिज अजून मागच्या खोलीतच आहे. 'सोवळ्यातलो फ्रिज' हे नाव भावजींचंच. मासे खाणाऱ्या घरात लोण्याला सोवळं! तू त्याच्या दारावर हळदीकुंकवाची बोटंसुद्धा ओढली होतीस, कोणी चुकूनही आत मासळी ठेवू नये म्हणून. लोण्याला शेजारच्या वस्तूचा वास लगेच लागतो, हे तूच मला शिकवलंस.

आता लिहितेच. तीन वर्षांपूर्वीचा तो मालवणचा वाढदिवस. साठ कपकेक, आपल्या दोघींच्या केकच्या धंद्याचं पहिलं मोठं काम. त्या घरच्या आजोबांनी पहिलाच घास घेतला नि तोंड वाकडं केलं, "केकाक बांगड्याचो वास कसो येता?" हॉलभर हशा. आणि मी, चाळीस माणसांत, तुझ्याकडे वळून म्हणाले, "कितीदा सांगितलं भक्ती, लोण्याच्या डब्याला झाकण लावत जा!" तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "होय वैनी, माझ्यासून चूक झाली."

भक्ती, झाकण तू लावलं होतंस.

आदल्या दिवशी रापणीच्या जाळ्यातला आपला वाटा आला, टोपलीभर बांगडे. मोठा फ्रिज आपल्या होमस्टेच्या पाहुण्यांच्या सामानाने भरलेला. तू गिरणीत गेली होतीस. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न, आणि घातले सोवळ्यातल्या फ्रिजात. लोणी पुरेल का बघायला डबा उघडला, तो उघडाच राहिला. दिवेलागणीला आठवलं. बांगडे काढले, कप्पे लिंबाने पुसले, झाकण लावलं नि कोणाला काही बोलले नाही. आपल्या घरात मासळीचा वास वेगळा कळतो कोणाला? तुलाही सकाळी कळला नाही.

तुला खरंच वाटलं की चूक तुझी. आणि मी तसंच वाटू दिलं. मोठी जाऊ ना मी! पुढे तुम्ही वेगळं बिऱ्हाड केलंत तेव्हा गावात सांगत फिरले की भावजींना दुकान लांब पडत होतं. लाज वाटते गो. फार लाज वाटते. तेजस्वीला परवा सांगितलं. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही, बरंच केलं तिने. साखरपुड्याला सगळी माणसं जमतील, त्यांच्यासमोर मी हे बोलून दाखवीन. तू म्हणशील तसं करीन.

रागावलेलीच ये, पण ये.

तुझी अपराधी,
आनंदीवैनी

---

जामसंडे,
१४ नोव्हेंबर २०२४

वैनीस नमस्कार.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. घरच्या लोण्यात ताक राहतं, म्हणून पाणी सुटलं. साखरपुड्याला बिनमिठाचं विकतचंच आणून ठेवा. तेजस्वीला माझा गोड पापा.

आता दुसरं. मला माहीत होतं.

डब्याच्या झाकणाला मी रबर लावून गिरणीत गेले होते. सकाळी ते नव्हतं, पण कामाच्या घाईत मी लक्ष दिलं नाही. हॉलमध्ये तुमचा चेहरा बघितला आणि कळलं. घरी येऊन पाहिलं, तर खालच्या कप्प्याच्या कडेला खवलं चिकटलेलं होतं.

'होय' म्हटलं, कारण तेजस्वी ट्रे धरून तुमच्या शेजारी उभी होती. तिच्यासमोर तिच्या आईला खोटं पाडणं माझ्याने झालं नाही. त्याचा मला राग नाही वैनी, देवाशपथ नाही. राग त्या संध्याकाळचा आहे. मी स्वयंपाकघरात एकटी होते. तुम्ही आत आलात. वाटलं, आता म्हणतील. तुम्ही विचारलंत, "भात लावलास काय?" आणि गेलात. मी दुसऱ्या दिवशी वाट बघितली. तीन महिने बघितली. मग ह्यांना म्हटलं, खोली शोधा.

चारचौघांत काही सांगू नका. पोरीच्या दिवशी तुमची मान खाली गेलेली मला बघवणार नाही. पण ह्यांना सांगा. ह्यांना अजून वाटतं, चूक माझीच होती. मी लोणी काढलं की आजही म्हणतात, "झाकण लाव हां भक्ती, नायतर परत नाचक्की." थट्टेनेच म्हणतात. मी हसते. ह्या बाबतीत तुमचं नाव मी त्यांच्याकडे तीन वर्षांत घेतलं नाही, पुढेही घेणार नाही. त्यांची तुमच्यावर आईसारखी माया आहे, ती मी कशी मोडू? खरं काय ते तुम्हीच सांगायला हवं.

गुरुवारी, एकवीस तारखेला, त्यांचं दुकान बंद असतं. सकाळच्या एसटीने या. समोर बसून सांगा. मी तेव्हा खोलीत असेन, बाहेर जाणार नाही. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. दुपारच्या गाडीने आपण दोघी देवबागेला जाऊ.

नाही आलात, तर मीही येणार नाही. तेजस्वीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

अजून वाट बघणारी,
तुमची धाकटी जाऊ
भक्ती